शिडाच्या दोरीवरचा फ्लेक्स

२४ जून, शनिवार. लातूर

मंगळवारी सकाळी मी देवणीला गेलो होतो. चार दिवस झाले, लिहायचं टाळत होतो. आज लिहून टाकतो.

पूजा आटोपून सहाची गाडी धरली. उदगीरला उतरलो. अजहरचा क्लास स्टँडपासून पाच मिनिटांवर— सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. गेलो नाही. उलट देवणीची गाडी लागेपर्यंत चहाच्या टपरीकडे तोंड करून उभा राहिलो. जाता-येता दिसलो तर हाक मारील म्हणून! तीस वर्षांचा दोस्त.

देवणीत बेगमबीचं घर मशिदीमागच्या बोळात. नवरा नाही. शिवणकाम करते. तिची मुलगी मुबश्शिरा नीटला सहाशे अठ्ठ्याऐंशी गुण घेऊन आली. दोन वर्षं ती अजहरकडे शिकली. मी शिकवतो त्या लातूरच्या क्लासात फक्त चार रविवारी सराव परीक्षा द्यायला बसली, तेही अजहरनंच मला सांगितलं म्हणून— "वीरण्णा, पोरीला मोठ्या हॉलात बसायची सवय होऊ दे." आणि मी नेलेल्या फॉर्मवर छापलं होतं की ती दोन वर्षं आमच्या क्लासची नियमित विद्यार्थिनी.

मुलगी दाखल्यासाठी तहसीलला गेलेली. बेगमबीला वाचता येत नाही, सही येते. तिनं मशीनवरून हात काढला, ओढणीला पुसला.

"सर, अजहर सरांचं नाव हाय ना यात?"

"हाव," मी म्हणालो.

तिनं सही केली. "अंडं उकडू का? अगं बाई, तुमी तर लिंगायत!" म्हणून स्वतःच हसली. चहा दिला. मी प्यालो.

एवढंच केलं त्या सकाळी.

२५ जून, रविवार. मुंबईच्या वाटेवर

आम्ही चौदा मास्तर आणि क्लासचे मालक शेषेराव सर. निकालाचं बक्षीस! सेशेल्स नावाच्या बेटांवर सहा दिवस शिडाच्या जहाजातून हिंडायचं. गेल्या वर्षी दुबई होती, त्याआधी थायलंड. लातुरात आता क्लासवाल्यांमध्ये हीच स्पर्धा— कोण आपल्या मास्तरांना कुठं नेतो. ट्रॅव्हल्सच्या माणसानं सरांना सांगितलं म्हणे, मोठ्या क्रूझवर तीन हजार माणसं असतात, तिथं कुणीही जातं. खरे श्रीमंत लहान जहाजावर जातात.

घरून निघताना बायको, शिवकन्या, म्हणाली, "जहाजातली खोली ल्हान असंल. तुमाला झोप लागंल का?" तिला माहीत आहे. भूकंपापासून मी दाराजवळच झोपतो.

२६ जून, सोमवार. माहे बेट

जहाज पांढरं, दोन डोलकाठ्या, नऊ खोल्या. आत सगळं सागवान आणि पितळ. चढायच्या फळीशीच एक टोपली— चपला तिच्यात टाकायच्या. सहा दिवस अनवाणी. लाकडाला चरे पडतात म्हणून. भीमा सर, आमचे रसायनशास्त्राचे, म्हणाले, "बघा, देऊळच हाय! आता कप्तानाला नारळ द्यायचा राहिला." कप्तान साठीचा, काळाभोर, याच बेटांवरचा. हसतो कमी. त्यानं प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि नाव दोनदा म्हणून घेतलं. "वीरण्णा." बरोबर म्हणाला.

पांढऱ्या सदऱ्यातल्या पोरीनं थंड ओले नॅपकिन चिमट्यानं दिले. भीमा सरांनी मान, काख सगळं पुसून घेतलं.

जेवणात सात प्रकार. तरी सरांनी डबा उघडला आणि ठेचा फिरवला. स्वयंपाक्यानं बोटानं चाखला आणि पाणी मागितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हसलो. हसताना देवणी आठवलं.

२७ जून, मंगळवार. समुद्रात

पहाटे डेकवर पूजेला बसलो. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. इतक्या वर्षांत हात असा कधी हलला नव्हता. जहाज हलत होतं, खरं आहे. पण जहाजच हलत होतं असं छातीवर हात ठेवून म्हणवलं नाही. लवकर आटपलं.

नऊला शिडं चढवली. त्याआधी एक माणूस खोल्याखोल्यांतून सांगत गेला— सुटं काही ठेवू नका, जहाज कलणार. भीमा सरांनी ऐकलं नाही. लोणच्याची बरणी पलंगावर फुटली! पांढऱ्या चादरीवर लाल तेल. ती नॅपकिनवाली पोरगी दुसरी चादर घेऊन आली. भीमा सर तिला सारखे "सॉरी ताई, सॉरी ताई" म्हणत होते.

मग यंत्र बंद केलं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे आवाज नव्हताच. नुसतं पाणी कापल्याचं आणि कापड ताणल्याचं. शेषेराव सर लहान पोरासारखे पुढच्या टोकाला जाऊन बसले, धोतराचा सोगा उडतोय. मला म्हणाले, "वीरण्णा, टिनशेडात सुरू केलं होतं रे आपण." डोळे भरून आले त्यांचे. खरेच भरून आले.

ते खरं आहे. भूकंपानंतर मी बी. एस्सी. होऊन शेडात नुसता पडून असायचो. त्यांनी सायकलवर येऊन उठवलं, खडू दिला. घर उभं राहिलं ते त्या खडूवर. आता नांदेडची शाखा माझ्याकडे देतायत. नऊ जुलैला तिथं उद्घाटन, मुबश्शिराचा सत्कार, आणि मानपत्र मी वाचायचं— दोन वर्षं आमच्याकडे शिकली म्हणून. नांदेड त्या एका फोटोवर उभं राहणार आहे.

आणि अजहरच्या दोन खोल्यासुद्धा त्याच फोटोवर उभ्या राहणार होत्या. "जुलैअखेर तीस पोरं आली न्हाईत तर बंद करतो," म्हणाला होता. निकाल लागला त्या दिवशी फोनवर नुसता हसत होता. चौकात एक फ्लेक्स लावीन, म्हणाला. त्याच्याआधी आमचे बावीस लागले.

खोलीत छत हाताला लागतं. बिछाना घेऊन डेकवर आलो. कप्तानानं पाहिलं. वरती एक ताडपत्री तेवढी बांधून दिली.

२८ जून, बुधवार

कासवं पाहिली, शंभर शंभर वर्षांची. एकानं मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा खाली टाकली. मला त्याचं पटलं.

२९ जून, गुरुवार

आज बकरीद. एकादशीही आजच आली. भीमा सरांचा उपास. स्वयंपाक्याला उपास म्हणजे काय हे समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी उकडलेले बटाटे आले, वर लोणी आणि कसलासा हिरवा पाला. पाला बाजूला काढून खाल्ला.

तीस वर्षांत ईदचा पहिला फोन माझा असतो अजहरला. आज केला नाही. जहाजावर रेंज नाही, असं स्वतःला सांगितलं. रेंज होती. सर सकाळभर घरी व्हिडिओ कॉल करत होते.

पुढचं लिहितो.

सरांनी लातूरहून एक फ्लेक्स गुंडाळून आणला होता. पंधरा फूट बाय दहा. मुबश्शिराचा फोटो, आमच्या क्लासचं नाव, सरांचा फोटो, कोपऱ्यात लहानसा माझाही. तो शिडाच्या दोरीला बांधायचा आणि खाली सगळ्यांनी उभं राहून फोटो. नांदेडात हाच फोटो मोठा करून लावायचा— "सात समुद्रापार यशाचा झेंडा"! कप्तान म्हणाला, नांगर टाकल्यावर, वारा पडल्यावर बांधा. सर म्हणाले, शिडं फुगलेली असतानाच पाहिजे, नाहीतर मजा काय!

"दहा मिनिटं," सर म्हणाले. तीनदा म्हणाले. कप्तानानं खांदे उडवले.

आमच्याकडे चौकात फ्लेक्स बांधणारा पोरगा आधी ब्लेडनं त्याला चंद्रकोरीसारख्या चिरा मारतो, वारा निघून जायला. हे लातुरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत! पण चिरा फोटोत दिसतात म्हणून सरांनी हा कोरा ठेवला होता. दोघा-तिघांनी ओढून वर नेला. अर्धा वर गेला असेल-नसेल, वाऱ्यानं असा फटका मारला की कड्या उसवून आल्या. वरच्या दोऱ्यांत जाऊन गुंडाळला. शीड अडकलं. जहाज एकदम एका अंगावर गेलं. आमचे मास्तर एकमेकांवर. कुणी आईला हाक मारली, कुणी महादेवाला.

मी डेकवर पालथा पडलो होतो. खालची जमीन निसटते तेव्हा माणसाला काय होतं ते मी एकोणीस वर्षांचा असताना शिकलो. विसर्जनाला गावी आलेलो, ओट्यावर झोपलो म्हणून वाचलो. आबा आणि ताई आत होते. दुसऱ्या दिवशी उदगीरहून भाकरीचा ट्रक आला, त्यात अजहर. कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा, एवढीच ओळख. दोन दिवस त्यानं हातानं दगड काढले. त्याची तीन नखं गेली. आबांना आणि ताईला त्यानंच वर आणलं. त्यावर आजपर्यंत एक शब्द बोलला नाही.

जहाजावरचा एक माणूस सुरी दातात धरून वर चढला, त्यानं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स समुद्रात पडला. थोडा वेळ तरंगत राहिला, पोरीचं तोंड आभाळाकडे. मला हायसं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती. हायसं वाटलं.

जहाज सरळ झाल्यावर कप्तान माझ्याजवळ येऊन बसला. त्याचं इंग्रजी मला कळतं, सावकाश बोलतो. म्हणाला, शीड वाऱ्याला अडवत नाही, त्याला कामाला लावतं. तुमचं ते कापड नुसतं अडवत होतं. मग विचारलं, ती मुलगी कोण?

मी म्हणालो, "माय फ्रेंड्स स्टुडंट."

तोंडातून गेलं. परक्या माणसाला, परक्या भाषेत— आणि किती सोपं गेलं! कप्तानानं मान हलवली. मागं भीमा सर होते. त्यांनी ऐकलं.

३० जून, शुक्रवार. प्रालँ बेट

इथल्या जंगलात दर्याई नारळ पाहिला. झाडावर! नांदेडला फकिराच्या हातात ज्याचा कटोरा असतो, तोच. लहानपणी आबा सांगायचे, हा समुद्राच्या तळाशी लागतो. झाडावर लागतो. एकेक फळ पिकायला सहा-सात वर्षं, इथला माणूस म्हणाला. आमच्याकडं पोचेपर्यंत त्याचं भीक मागायचं भांडं होतं. कितीतरी वेळ उभा होतो. बाकीचे त्याच्या बाईच्या कमरेसारख्या आकारावरून खिदळत होते.

परत येताना लहान होडीत सर शेजारी बसले. भीमा सरांनी सांगितलं असणार.

"कप्तानाला काय बोललास?"

मी होडीची कड धरली.

"वीरण्णा, सगळे करतात. आपण न्हाई केलं तर पलीकडचा क्लासवाला त्या बाईच्या दारात उभा होता. तो करणारच होता. मग आपल्या माणसानं केलं तर काय बिघडलं?"

"अजहरचं बिघडलं, सर."

"त्याला नांदेडला घेऊ. पगारावर. झालं?"

होडीचं पाणी तोंडावर उडत होतं. मग अगदी हळू म्हणाले, "मी तुला कधी काही मागितलं का रे? तीस वर्षांत?"

नाही मागितलं. हेच तर आहे.

१ जुलै, शनिवार

भीमा सर सकाळी चहाचे दोन कप घेऊन आले. खाली मान. "मी बोललो सरांना. माझी पोरगी क्लासात फुकट शिकते, सर. तुमी समजून घ्या." समजलो. कुणाकुणावर रागवायचं?

वारा चांगला होता. दिवसभर शिडावरच गेलो. कप्तानानं दहा मिनिटं सुकाणू हातात दिलं. म्हणाला, जहाजाच्या टोकाकडे बघू नका, लांब बघा. टोकाकडे बघितलं की माणूस सारखं वळवत बसतो. जमलं थोडं. नंतर हात दुखले.

२ जुलै, रविवार. माहे

टोपलीतून चपला परत घेतल्या. पायाला घट्ट झाल्यात.

४ जुलै, मंगळवार. लातूर

घर. स्टेशनपासून घरापर्यंत मुबश्शिरा अकरा ठिकाणी. मोजायचं नव्हतं. शिवकन्या म्हणाली, "लई वाळलात. खायला देत नव्हते का?" सांगितलं, सात प्रकार देत होते.

५ जुलै, बुधवार

उदगीरला गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.

जिना चढलो. नऊ पोरं बसली होती. अजहर फळ्याजवळ, बाह्यांना खडू लागलेला. मला बघून पोरांना गणित दिलं आणि बाहेर आला.

"या! कोलंबस आले!"

"ईदला फोन न्हाई केला," मी म्हणालो.

"शीरखुर्मा ठिवला होता तुझा, दुसऱ्या दिवशी शेजारच्या मांजरानं खाल्ला. त्याला दुवा दे." हसला. मग बाकावर बसवलं आणि समुद्राचं विचारत बसला. पाणी किती खोल? किनारा अजिबात दिसत न्हाई असं होतं का? शीड फाटलं तर काय करतात? आणि मग— "भ्यायला असशील तू. हालत्या जागेवर."

"भ्यालो."

"मला वाटलंच. रोज याद येत होती."

मी तोंड उघडलं. आतून एक पोरगी म्हणाली, "सर, उत्तर निगेटिव्ह येऊन राहिलं." तो आत गेला. मी सायकलच्या दुकानाच्या पाटीकडे बघत बसलो. तो परत आला तेव्हा मी उठून उभा होतो.

त्यानं अडवलं नाही. जिन्यापाशी खांद्यावर हात ठेवला. "परत ये. घाई न्हाई."

गाडीत बसलो आणि कळलं, की मुबश्शिराचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही.

६ जुलै, गुरुवार. नांदेड

सभागृहात तालीम. समुद्रावरचा फोटो काही मिळाला नाही, म्हणून शहरातल्या कुणा कलाकारानं संगणकावर जहाज काढून त्यावर मुबश्शिराला उभं केलंय. वीस फूट उंच. शिडं चुकीच्या बाजूला फुगलीत आणि झेंडा भलतीकडे उडतोय. हे आता मला कळतं.

मानपत्र हातात दिलं. सर म्हणाले, एकदा वाचून दाखव, माईक तपासू. वाचायला लागलो. "गेली दोन वर्षे..." घसा बसला. पाणी आणलं. पुन्हा तेच. सरांनी कागद काढून भीमा सरांच्या हातात दिला. म्हणाले, समुद्राचं थंड पाणी बाधलंय याला. रविवारपर्यंत बरा होईल. गोळ्या पाठवल्या.

रविवारी बेगमबीला आणायला गाडी जाणार आहे. व्यासपीठावर बसवणार तिला. अजहरचं नाव आहे असं मी सांगितलंय, त्याच भरवशावर ती गाडीत बसेल.

परतीच्या बसमध्ये लिंगावर हात ठेवून बसलो होतो. काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही नाही, करण्यासारखं आहे. लई थकलो.

७ जुलै, शुक्रवार. देवणी

बेगमबीला सांगितलं— मी खोटं बोललो, अजहरचं नाव त्यात नाही.

मशीन थांबलं. मुबश्शिरा आतून आली. म्हणाली, "मालूम हाय, सर. अम्मीनं त्याच दिवशी अजहर सरांना फोन केला होता. ते म्हणले, माझं नाव न्हाईच राहणार त्यात. पण गप बसा. कुणाला काही बोलू नका. वीरण्णा स्वतः ईल."

मी कागद मागितला. तिच्याच वहीचं पान. लिहिलं— मुबश्शिरा दोन वर्षं अजहरकडे शिकली, आमच्याकडे फक्त चार रविवार परीक्षेला बसली, फॉर्मवरची सही मी खोटं सांगून घेतली. तिनं आईला दोनदा वाचून दाखवलं. मग मी सही केली. फोटो काढून शेषेराव सरांना पाठवला, वर्तमानपत्राच्या माणसाला पाठवला. खाली लिहिलं— नांदेडला मी येणार नाही.